सेट पाण्यात पडला नव्हता

माझ्या बाबांवर अन्याय झाला तो रब्बीचं पहिलं पाणी सुटायच्या आदल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, कालव्याच्या चौकीवर, सहा चौकीदारांच्या देखत. बाबांचा वॉकीटॉकी चालू होईना. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी तो कानाशी धरून हलवला आणि रजिस्टरात लिहिलं, ‘निष्काळजीपणाने पाण्यात पाडला.’ बाबांना एक शब्द विचारला नाही. सेट दुरुस्त करून आणा, तोवर गेटवर यायचं नाही, असं सांगून घरी पाठवलं.

बाबा कालव्याच्या त्या गेटवर अकरा वर्षं चौकीदार आहेत. तिकडं मोबाइलला रेंज नाही. कालवा फुटला तर वरच्या गेटला कळवायला तेवढा एक सेट. बाबा तो पॉलिथिनच्या पिशवीत घालून, तोंडाला रबर लावून वापरायचे, बोलायचे तेही पिशवीतूनच. असा माणूस सेट पाण्यात पाडेल?

मी पत्रकं लिहिणारी पोरगी. रस्त्यासाठी, रेशनसाठी, एसटीसाठी लिहिलेली माझी पत्रकं कळमनुरीच्या आठवडी बाजारात वाटली गेली आहेत. दुपारपर्यंत नवं पत्रक तयार होतं: ‘भंगार सेट माथी मारणाऱ्यांनो, जवाब द्या.’ बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

पुरावा हवा म्हणून मी सेट उघडायला बसले. आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स केलंय. त्याचा उपयोग एवढाच की गल्लीतले सगळे बिघडलेले रिमोट माझ्याकडं येतात. चार्जरवर ठेवला की हिरवा दिवा लागत होता, सेट मात्र मुका. बॅटरी काढून मीटर लावला. बॅटरी भरलेली. म्हणजे वीज आहे, पण सेटपर्यंत पोचत नाही. बॅटरी सेटला टेकते तिथं पितळी पट्ट्या असतात. त्यांच्यावर लालसर थर वाळून खडा झाला होता, कडेनं हिरवं चढलं होतं. नखानं खरवडून नाकाशी धरलं. हळद होती. हळद आणि कुंकू.

बाबा दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

“खंडेनवमीला लावलं,” ते म्हणाले. “विळ्याला लावलं, फावड्याला लावलं, गेटाच्या चाकाला लावलं. याला एकट्याला काहून वगळायचं?”

“वरून लावायचं की, बाबा.”

“वरून पुसून जाते, माय. म्हणून आतल्या पितळेला लावलं. वर दोन थेंब पाणी सोडलं.”

माझं अख्खं पत्रक त्या चिमूटभर कुंकवानं फुकट घालवलं होतं. तरी राग येईना. फावडं धरून राठ झालेलं ते बोट पिशवीचं रबर सोडतंय, बॅटरी काढतंय, एकेका पट्टीला नीट टिकली लावतंय, हेच दिसत राहिलं.

मेडिकलमधून स्पिरिट आणलं. जुन्या टूथब्रशनं थर काढला, खोडरबरनं पितळ घासलं. तोवर बाबा बॅटरी धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले, ती स्वच्छ झाली तरीही. बॅटरी बसवली, सेट चालू केला, बोलायचं बटण दोनदा दाबलं. कट्ट झालं, मग खरखर, आणि त्या खरखरीतून वरच्या गेटवरच्या चौकीदारकाकांचा आवाज: “कोण बटण दाबून राहिलंय? घरी बसून बी चैन न्हाई का तुमाला?”

बाबा हसले. सेट मांडीवर ठेवून त्यांनी डोळे पुसले.

मी म्हटलं, बॅटरी खराब होती असं सांगा. कुणाला कळणारे? त्यांनी सेट परत पिशवीत घातला, तोंडाला रबर लावलं.

“मी पाण्यात पाडला न्हाई, हे खरं सांगायचंय ना? मंग कुंकवाचं बी खरंच सांगावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. चौकीदार हसले, साहेबही हसले, गेट परत मिळालं. रजिस्टरातली ओळ मात्र तशीच राहिली. सेट चालू झाला, आता कशाला खोडायचं, असं साहेबांचं म्हणणं.  बाबांनी घरी येऊन मला विचारलं, “त्या ओळीच्या खाली मला लिहिता येईल का, असं झालं न्हाई म्हणून?” मी म्हटलं, रजिस्टर तुमच्या हातात देतील तर ना.

हे वाचणारे तुम्हीही कुठंतरी कुणाबद्दल शेरा लिहीत असाल. न विचारता लिहिलेली अशी एक तरी ओळ तुमच्या कागदांत असणार. ती आज शोधा. ज्याच्याबद्दल लिहिली त्याला समोर खुर्ची द्या, काय झालं ते विचारा, आणि त्याच्या देखत ती खोडा.