चंदेरी रंग

चंदेरी ऑइलपेंटचा वास आला की मला आमच्या अंगणात उभा राहिलेला टेंपो आठवतो. दसऱ्यासाठी वडिलांनी तो स्वतः रंगवला होता. बॅटरीची, गाडीच्या सांगाड्याला म्हणजे चॅसीला जोडलेली अर्थिंगची वायर सोडवून तिच्या बोल्टाखालीसुद्धा ब्रश फिरवला होता. दुसऱ्या दिवशी साजगावच्या कारखान्यात त्याला कायमचं काम लागणार होतं, पण बाराच्या भोंग्याआधी फाटकावर पोचला तरच, नाहीतर दुसरा टेंपो ठरलेलाच होता. सकाळी चावी फिरवली तर गाडी मुकी. खोपोलीहून आणलेल्या मेकॅनिकने टेस्टरचा चिमटा चॅसीला लावला आणि दुसरी वायर जिथेतिथे टेकवून पाहिली, पण टेस्टरचा बल्ब कुठेच लागेना. "करंटच नाय," म्हणत त्याने अख्खं वायरिंग उकललं. भोंगा वाजला तेव्हा वडील फडक्याने टेंपोचा आरसा पुसत होते. त्यानंतर कधीतरी मेकॅनिकने बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरखालचा रंग खरवडला, वायर परत आवळली, चिमटा तिथेच लावला, आणि बल्ब लख्ख पेटला. "रंगावर अर्थिंग मिळंल व्हय?" तो चिडून म्हणाला. वडील बल्बकडे बघत राहिले. "आता कशाला पेटलास रं?" मी आजही दसऱ्याला गाडी नुसती धुऊन हार घालतो. वडिलांनी पुढच्या दसऱ्याला सायकल पुजली होती, न रंगवता.