चेंबरवरची हाळी

केबल जमिनीवर पसरायची ती इंग्रजी आठाच्या आकारात, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. ते बाबांच्या कामावरच्या मामींनी शिकवलं, आणि मामींना इंग्रजी सोडाच, मराठी आकडेही लिहिता येत नाहीत. केबलचं नुसतं गोल वेटोळं घातलं तर ती पिळते. एक वळण उजवं, एक डावं, असा आठ पाडत गेलं की पीळ आपोआप सुटतो. मामी पदर खोचून उभ्या राहायच्या आणि काळी केबल हातातून अशी सोडत जायच्या, की शेवटी तो ढीग विणलेल्या परडीसारखा दिसायचा.

बाबा फायबरची केबल टाकायची कामं घेतात. रस्त्याच्या कडेनं चर खणायचा, त्यात नारंगी पाइप पुरायचा, ठरावीक अंतरावर सिमेंटचे चेंबर बांधायचे आणि मग पाइपातून दोरानं केबल ओढायची. पदवीनंतर दोन मुलाखतींत मी जवळजवळ गप्प बसून आले, तेव्हा बाबा म्हणाले, "सध्या आपल्याच कामावर ये. मापं घे, नकाशे काढ." त्यात बोलायचं फारसं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

टोळी मुकादमांची. ते आणि त्यांची बायको, म्हणजे मामी, वैजापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. दोर ओढणारे बाकीचेही त्यांचे भाऊबंदच. मुकादमांना मी मामा म्हणते. केबल ओढताना मोबाइल काही कामाचा नसतो. समोरच्यानं फोन उचलेपर्यंत केबल चार हात पुढं गेलेली असते. त्यामुळं कुठं काही अडकलं, की बघणारा माणूस मेंढरं थांबवायची हाळी द्यायचा, "हुर्रर्रर्र… होऽऽ!" ट्रकच्या घरघराटातूनही ती पार जायची आणि दोरावरचे सगळे हात जागच्या जागी थांबायचे.

पडेगावच्या रस्त्यावर एका दिवशी माणूस कमी पडला. बाबा केबलचा नवा ड्रम आणायला गेले होते. मामी दोरावर गेल्या आणि केबलच्या ढिगाजवळ, चेंबरच्या तोंडाशी, मामांनी मला उभं केलं.

"फकस्त बघायचं, ताई. तळचा फेरा गुतला की हाळी द्यायची."

"मी 'थांबा' म्हणेन."

"थांबा कोण ऐकतंय इथं? लाजू नका. मेंढरं ऐकतेत, ही तर माणसं हायेत."

सगळे हसले. मीही हसले आणि मनात ठरवलं, की तसलं काही आपण ओरडणार नाही.

निम्म्याहून जास्त केबल गेली असेल. तळचा एक फेरा वरच्या फेऱ्यात गुंतला. मला दिसलं. नेमकी तेव्हा समोर शाळेची बस उभी होती; खिडक्यांत मुली, गळ्यात टाय, मी घालायचे तसेच. मी "थांबा" म्हटलं, वर्गात हजेरी देतात तसं. मग पुन्हा म्हटलं, माझ्या मते मोठ्यानं. फेरा लहान लहान होत गेला आणि चेंबरच्या कडेवर केबल कचकन मोडली.

आत केसाएवढ्या काचेच्या तारा असतात. तशी घडी पडली की तो तुकडा कापायचा आणि जिथं नको तिथं जोड द्यायचा. ज्या कंपनीचं काम होतं तिचे सुपरवायझर सावलीतून धावत आले.

"इधर कौन खड़ा था?"

मामा धापा टाकत पोचले होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "मी व्हतो, साहेब."

"आणि ह्या?"

"त्या मापं घेऊ लागल्यात."

माझ्या हातात टेप होता. मी टेपकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुलावरून केबल न्यायची होती. ते काम दुसरी टोळी करेल, असं सुपरवायझर तिथंच म्हणाले. बाबा आले तेव्हा सगळ्यांच्या देखत मामांना म्हणाले, "मुकादम, इतक्या वर्षांत असा हलगर्जीपणा? जमत नसेल तर सांगा." मामांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. तिच्यावर धूळ नव्हती. "चूक झाली, साहेब."

पाण्याच्या कॅनजवळ मामींनी माझा दंड धरला. "गप ऱ्हा, पोरी. तू व्हतीस म्हणून कळलं तर तुला परत येऊ देतील का?"

"आणि मामांचं काम गेलं तर?"

"त्यांस्नी लई ठिकाणी काम भेटंल," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण बघत होत्या टोपीकडं.

घरी येताना गाडीत मी बाबांसाठी मोबाइलवर मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत तो पटकन जमला, नीट, सभ्य. वाचून पाहिला तर त्यात केबल आपोआपच मोडली होती. मोडणारं कुणी नव्हतंच. मी तो पुसून टाकला.

सकाळी पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर सुपरवायझर आणि बाबा बाकावर बसले होते. दुसऱ्या टोळीची गाडी येऊन लागली होती. मामा आपल्या पहारी आणि दोर टेम्पोत चढवत होते. मी बाकापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "काल तिथं मी उभी होते."

ट्रक गेला. कुणालाच ऐकू आलं नाही.

"क्या बोली?" सुपरवायझरनी कानाला हात लावला.

"काल चेंबरवर मी उभी होते! मला दिसलं होतं! मी ओरडले नाही!"

टपरीवाल्याचा हात चहा गाळता गाळता थांबला. टेम्पोजवळून मामांचा आवाज आला, "एवढा आवाज काल कुठं ठिवला व्हता, ताई?" मामींनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाबा माझ्याकडं बघत राहिले, मग मामांकडं. "मुकादम, मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर पोरीला घरी बसवली असती तुमी. बसवली असती का नाय?"

बाबांनी सरकून बाकावर जागा केली आणि आपला न प्यायलेला चहाचा ग्लास मामांपुढं धरला.

सुपरवायझरना चिडायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, पूल तुमचीच टोळी करेल. लेकिन चेंबर पे ये नहीं."

मामा बाकावर टेकले आणि चहाचा एक घोट घेतला. "मंग कोण, साहेब? आता हिच्याइतकं भिऊन बघणारं दुसरं कुणी नाय आमच्यात."

सुपरवायझरनी बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "ती उभी राहील."

पुलाच्या अलीकडं मामींनी आठ पाडला आणि त्या दोरावर गेल्या. पलीकडच्या टोकाला मामा. केबल सरकू लागली. मी फक्त तळच्या फेऱ्यांकडं बघत होते. रस्त्यावरून कोण जातंय, कोण बघतंय, कळत नव्हतं. दुपारी एक फेरा नुसता हलल्यासारखा वाटला, पुरता गुंतलाही नव्हता, आणि माझ्या तोंडून हाळी गेली. ती मध्येच फाटली आणि खोकल्यात संपली.

दोर थांबला. मी फेरा सोडवला, हातानं सारखा केला.

तेवढ्यात पुलाच्या पलीकडून मामांची हाळी आली, लांबलचक, कुठंही न फाटलेली. तिकडं काहीच अडकलं नव्हतं.