पाळण्याचा हिसका

दादा जाऊन आज आठ दिवस झाले. सुतकामुळे घरात देवपूजा नाही, शाळेत मी रजा टाकली आहे आणि भेटायला येणारी माणसं सकाळीच येऊन जातात. दुपारी ओटीवर मी एकटा असतो. रोज थोडं लिहितो. कधी अर्धं पान होतं, कधी तेही होत नाही. बारा-तेरा वर्षं मुलांना निबंध लिहायला शिकवतो आहे, पण सख्ख्या भावाबद्दलचं पहिलं वाक्य तीन वेळा खोडलं.

मला लिहायचं आहे ते जत्रेतल्या एका पाळण्याबद्दल.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि दादा सोळा. त्याची शाळा चौथीत सुटली होती. त्याने वडलांची सुतारकामाची तासणी उचलली आणि मालवणच्या किनाऱ्यावर होड्या-मचवे बांधणाऱ्यांच्या हाताखाली उभा राहिला. पुढे स्वतः मिस्त्री झाला. त्याच्या अंगाला कायम होडीच्या लाकडाला चोपडतात त्या माशाच्या तेलाचा वास असे. मी मॅट्रिक झालो तो त्या तासणीवर. गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा त्याने मला 'मास्तरानू' म्हणायला सुरुवात केली. चेष्टा असे त्यात, पण चार माणसांत असला की जरा मोठ्याने म्हणत असे.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. शिडाच्या होड्यांची मागणी कमी होत चालली होती. त्या वर्षी दिवाळीपासून दादाकडे एकच काम आलं, तेही जुन्या होडीच्या डागडुजीचं. घरात तो हत्यारांना पुन्हा पुन्हा धार लावत बसे.

माघात आमच्या देवीची जत्रा भरते. खारेपाटणकडचा एक पाळणेवाला दरवर्षी आपला रहाटपाळणा बैलगाडीत घालून आणायचा. दोन उंच खांब, त्यांवर आडवा लाकडी आस आणि त्या आसाभोवती फिरणारे चार झुले. दोन गडी हाताने तो फिरवत. त्या पाळण्याची ख्याती हिसक्याची होती. झुला वर जाऊन खाली यायला लागला की 'धप' असा आवाज व्हायचा आणि बसलेल्याचे दात दातांवर आपटायचे. या पाळण्यातून उतरलेला माणूस आधी आपले दात मोजतो आणि मग चपला शोधतो, असं आमच्याकडे म्हणत. म्हातारी माणसं आणि बायका त्यात बसतच नसत. पोरं बसत, तीही पैजेने.

त्या वर्षी जत्रेच्या चार दिवस आधी पाळणेवाला आमच्या ओटीवर येऊन बसला. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. त्याचं म्हणणं, आस कोरडा पडतो म्हणून हिसका बसतो. तो खोबरेल ओतून ओतून थकला होता. बायकांच्या लुगड्यांवर तेलाचे डाग पडत ते वेगळंच. दादा म्हणाला, कुरकुर वेगळी आणि हिसका वेगळा. तेलाने कुरकुर जाते. मग तो जत्रेच्या माळावर गेला, उभ्या केलेल्या पाळण्याच्या खांबावर चढला आणि आसाचं टोक हाताने चाचपून खाली आला. आस एका अंगाने झिजून चपटा झाला होता. ती चपटी बाजू खाली आली की सगळा पाळणा दोन बोटं खाली पडायचा आणि लाकूड लाकडावर आदळायचं. ते त्याने मला कागदावर काढून दाखवलं, आणि वर म्हणाला,

"धक्को जाणा नाय रे. तो कोणी तरी खावचो लागता. माणसान खाण्यापेक्षा काथ्यान खावंदे."

होडीवाला होता तो, म्हणून होडीवाल्याच्या रीतीने त्याने काम केलं. आसाची टोकं तासून पुन्हा गोल केली. खांबांच्या माथ्यावर आस टेकवायला उंडीच्या लाकडाच्या नव्या बैठका केल्या आणि त्या बैठका नि खांब यांच्यामध्ये काथ्या ठोकून ठोकून भरला, जसा होडीच्या फळ्यांमध्ये भरतात तसा. असा काथ्या पाण्याने फुगतो आणि लाकूड गच्च धरून ठेवतो. दबतो, पण तुटत नाही. होडीत हे आपोआप होतं, कारण खाली समुद्र असतो. माळावर समुद्र नव्हता. माघातलं ऊन आणि वारा होता. दादाच्या हे लक्षात आलं ते सगळं बसवून झाल्यावर. तो हसला आणि म्हणाला, "होडयेक दर्या पाणी पाजता. हयसर आपणाक पाजूचा लागतला."

एवढीच त्या कामातली खोट होती आणि ती त्याने पाळणेवाल्याला जत्रेआधीच सांगितली होती. काथ्या ओला ठेवला पाहिजे. सुकला तर बैठक सैल होईल आणि पाळणा पहिल्यापेक्षा वाईट आदळेल. पाळणेवाला म्हणाला, ही जत्रा नीट पार पडली, तर येत्या पावसाळ्यात तू मला नवा मोठा पाळणा बांधून दे, आठ झुल्यांचा. त्यानंतर दादा दोन दिवस धार लावत बसला नाही. माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर पाळणे काढत बसला. नव्या पाळण्यात काथ्याच्या जागी तो चामडं घालणार होता.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवीच्या ओट्या भरून झाल्यावर पाळणा सुरू झाला. खांबाला शिडी लावलेली, शिडीच्या वरच्या पायरीला पाण्याची कळशी बांधलेली, आणि दादा करवंटीच्या डवल्याने थोडं थोडं पाणी बैठकीत सोडत होता. एका खांबाकडून दुसऱ्याकडे फळी टाकली होती, तिच्यावरून तो माकडासारखा ये-जा करी. पहिल्या फेरीत त्याने आईला बसवलं. आई त्या पाळण्यात जन्मात बसली नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते. पाळणा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि 'धप' झालंच नाही. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. उतरल्यावर ती आमच्या वाडीतल्या काकीला सांगत होती, खाडीतल्या होडीत बसल्यासारखं वाटतं, पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही. तासाभरात पाळण्यापुढे बायकांची रांग लागली. गावाने असं कधी पाहिलं नव्हतं. मीही बसलो. खडबडीत गोष्ट मऊ होऊ शकते, हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. ते मला त्या दिवशी अंगाला कळलं.

मग पालखी निघायची वेळ झाली. पालखीचा दांडा आमच्या घराने केलेला, त्यामुळे पालखी देवळाला फिरताना दांड्याशी आमच्या घरातला कर्ता पुरुष असावा लागतो. दादाला जावंच लागणार होतं. त्याने डवला माझ्या हातात दिला.

"पालखी बसली की मी येतंय. तवसर सुकाक दिवू नको. धा-बारा फेऱ्ये झाले की एक डवलो हय, एक थंय."

मी शिडीवर चढलो. पांढरा सदरा, पांढरं धोतर. खालून माझ्या वर्गातली मुलं बघत होती आणि एकमेकांना ढोसत होती. मी दोनदा पाणी घातलं. तेवढ्यात गर्दीतून आमचे मुख्याध्यापक येताना दिसले. त्यांच्याबरोबर मुंबईहून आलेले एक गृहस्थ होते, गावात वाचनालय काढायला मदत करणार होते ते. मुख्याध्यापकांनी वर पाहिलं नव्हतं. ते पाहतील, आणि त्यांचा मास्तर जत्रेतल्या पाळण्यावर करवंटी घेऊन उभा असलेला त्या पाहुण्यांना दिसेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी डवला कळशीत टाकला आणि पलीकडच्या बाजूने खाली उतरलो. धोतर झटकलं आणि त्यांच्यासमोर असा आलो, जसा काही देवळाकडून येतो आहे.

ते मला चहाला घेऊन गेले. दुकान पाळण्यापासून पन्नास पावलांवर होतं. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली, आमच्यात हेच एक वाचणारे आहेत म्हणून. पाहुण्यांनी विचारलं, वाचनालयात आधी कोणती पुस्तकं असावीत? मी बोलू लागलो. चांगला बोललो असणार, कारण ते मध्येमध्ये मान हलवत होते.

आणि मला ऐकू येत होतं. आधी बारीक कुरकुर. मग लाकडाचा एक दबका आवाज. काथ्या सुकायला लागला होता. मी मनात म्हटलं, हे वाक्य पूर्ण करतो आणि उठतो. ते वाक्य पूर्ण झालं, पाहुण्यांनी दुसरं काही विचारलं. मग 'धप' ऐकू आलं. पुन्हा 'धप'. मी फेऱ्या मोजत होतो आणि पुस्तकांची नावं सांगत होतो. कोणाला हे खरं वाटणार नाही, पण मी दोन्ही कामं एका वेळी करत होतो. उठून जायला मला कोणी अडवलं नव्हतं. मुख्याध्यापक भला माणूस होता. "सर, भावाचं काम आहे, येतो" एवढं म्हणायचं होतं.

मग बाईमाणसाचं ओरडणं ऐकू आलं.

काकी होती. आईचं ऐकून ती बसली होती. हिसक्याने तिचं तोंड समोरच्या दांडीवर आपटलं आणि ओठ फाटला. हनुवटीवरून रक्त नव्या लुगड्यावर येत होतं. पाळणा थांबवला होता. एकीकडची बैठक उचकटून तिरपी झाली होती आणि सुका काथ्या दाढीसारखा लोंबत होता. लोक जमले. होडीच्या सुताराला पाळण्यात कशाला हात घालायला सांगितला, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, होडी बुडाली तर निदान पोहता येतं.

दादा धावत आला. कपाळाला अबीर होता. तो आधी काकीपाशी गेला, खांद्यावरचा पंचा तिच्या ओठावर दाबून धरला. मग शिडीवर चढला. बैठकीला हात लावला. मग त्याने कळशीत पाहिलं. जाताना त्याने ती भरून ठेवली होती आणि ती जवळजवळ तशीच होती. तिथून त्याने गर्दीकडे पाहिलं. मी मुख्याध्यापकांच्या शेजारी उभा होतो. त्याने मला पाहिलं, मुख्याध्यापकांना पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

पाळणेवाल्याने खालून विचारलं, काथ्याला पाणी घालणं चालू होतं ना?

दादाने शिडीला बांधलेली कळशी सोडवली, तिरकी केली आणि सगळं पाणी खांबाच्या मागच्या अंगाने, गर्दीला दिसणार नाही असं, खाली जाऊ दिलं. रिकामी कळशी खांद्यावर घेऊन तो उतरला.

"पाणी घातला," तो म्हणाला. "माझोच अंदाज चुकलो."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी खाली पाहिलं. माझ्या धोतरावर पाण्याचा एक डाग होता, तो अजून सुकायचा होता.

नवा पाळणा पाळणेवाल्याने दुसऱ्याकडून बांधून घेतला. होड्यांचं काम आणखी कमी झालं आणि पुढच्या वर्षी दादा मुंबईला गेला. तिथे गोदीजवळच्या एका कारखान्यात माल भरायची खोकी ठोकायचं काम त्याला मिळालं. ज्या हाताने मचवे बांधले, त्या हाताने दहा वर्षं खोकी ठोकली आणि गेल्या वर्षी तो गावी परतला. वाचनालय निघालं. त्याच्या चाव्या माझ्याकडे असतात.

बोलायची संधी एकदा आली होती. चार वर्षांपूर्वी नांदगावला नात्यातल्या लग्नाला आम्ही दोघे गेलो होतो. येताना एसटीत दोनच जागा होत्या, एक पुढे आणि एक अगदी मागे. मागच्या बाकावर हिसके बसतात म्हणून त्याने मला पुढे बसायला लावलं. मी ऐकलं. तांबड्या रस्त्यावर गाडी आदळत होती आणि मी मान वळवून पाहिलं की तो पुढची दांडी धरून उडत असलेला दिसे. वाटेत गाडी थांबली, आम्ही पाय मोकळे करायला उतरलो, तेव्हा मी म्हणालो, "दादा, त्या जत्रेत..."

"रस्त्यार डांबर घालतले म्हणतत," तो म्हणाला. "मगे हिसके लागाचे नाय."

त्याने विषय बदलला हे मला कळलं. त्याहून वाईट म्हणजे मला सुटल्यासारखं झालं. मी पुन्हा पुढच्या जागेवर जाऊन बसलो.

दादाला दोन मुली, मुलगा नाही. म्हणून अग्नी मी दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेऱ्या घालायच्या असतात. मागून कोणी खड्याने मडक्याला भोक पाडतो आणि पाणी पडत राहतं. माझी पाठ भिजली. मागचा माणूस मला हळू चालायला सांगत होता. मी हळू चाललो. फेऱ्या मोजल्या. या वेळी एकही चुकवली नाही.

चार दिवसांपूर्वी काकी भेटायला आली. आता म्हातारी झाली आहे. ओठावरचा वण सुरकुत्यांमध्ये नीट दिसत नाही, पण मला दिसतो. वहिनीपाशी बसून रडली, मग ओटीवर माझ्याजवळ आली.

"मास्तर, भावाचा सगळा बरा केलास," ती म्हणाली. "तेचो त्या पाळण्याचो अंदाज तेवडो चुकलो बिचाऱ्याचो. बाकी हात सोन्याचो."

मी तिला पाणी आणून दिलं. ती ते प्यायली आणि गेली.

त्याच दुपारी मी हे लिहायला बसलो. त्याचा अंदाज चुकला नव्हता, हे या कागदावर लिहायला मला पाच दुपारी लागल्या. काकीचं घर इथून चार घरं सोडून आहे. तिला वाचता येत नाही, हेही मला ठाऊक आहे.