हवा गिराई!

हैदराबादेत नारायणगुड्याहून भाजी घेऊन परतताना असं वारं सुटलं, की हॉटेलासमोरची कुणाची तरी मोटरसायकल आमच्या डोळ्यांदेखत आडवी झाली. पेट्रोल गळू लागलं.

"अहो, उचला ना!" बायको म्हणाली.

"आणि मालक येऊन म्हणाला, तुम्हीच पाडली, तर?" मी पिशवी सावरत दोन पावलं मागे सरकलो. पन्नाशीनंतर आलेली अक्कल मला अशा वेळी फार उपयोगी पडते.

तेवढ्यात हॉटेलात चहा पीत बसलेले एक जाडजूड गृहस्थ उठले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. धूळ पडू नये म्हणून त्यांनी कपावर बशी झाकली, रस्त्यावर येऊन दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "देख लेओ भई लोगां, हवा गिराई! मैं खाली उठारौं!" म्हणजे पाडली वाऱ्याने, ते नुसती उचलणार.

पानवाला, रिक्षावाला आणि माझी बायको, अशा तिघांनी माना डोलावल्यावरच ते वाकले. गाडी उभी राहिली, शर्ट काळा झाला. त्याकडे ढुंकूनही न बघता ते आपल्या चहाकडे परतले.

गाडीखाली सांडलेलं पेट्रोल बघून तिचा मालक धावत आला. "कौन गिराया?"

मी घाबरून भाजीच्या पिशवीसकट हात वर केले. "मैं नहीं! मी नाही!"

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "अंकल, आप पे कौन शक करता? इत्ता दूर खड़े हैं, आप क्या गिराते, क्या उठाते!"

मी निर्दोष सुटलो. बायकोने भाजीची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि ती पुढे चालू लागली.