गिअर ऑइलचा वास

आमच्या मामीच्या नाकावर माशी बसत नसे, आणि नशिबी आले मामा, ज्यांच्या अंगाला जन्मभर गिअर ऑइलचा वास. डोंगरात जाणाऱ्या जीपचे गिअरबॉक्स मामा दुरुस्त करत. त्यामागची ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी, हा तर त्यांचा हातखंडा. ते तेल सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. मामा दारात आले की मामी आतूनच ओरडायची, "आधी आंघोळ! कशाला हात लावाल तर बघा."

"न बघता ओळखलंस ना?" मामा हसायचे.

पुढे मामीला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग माणसं. मामांनी गॅरेज विकलं आणि अंग घासून, धुतलेला शर्ट घालून तिच्याजवळ बसू लागले. एके दिवशी ती घाबरून भिंतीला टेकली. "कोण तुम्ही? घरात कसे शिरलात?"

मामा उठून बाहेर गेले. अंगणातल्या स्वतःच्या जुन्या जीपखाली शिरले, तेल बदललं आणि तसेच आत आले. मामीने नाक मुरडलं. "अहो, आंघोळ करा आधी!" नळ सोडून मामा न्हाणीघरात रडले. मला बाहेर ऐकू आलं.

मग हे नेहमीचंच झालं. मी चिडवायचे, "मामा, जागची न हलणारी गाडी, तिचे एवढे लाड?"

"पाना दे," ते खालून म्हणायचे. आधी वरचा बोल्ट सैल करायचे, मगच खालचा. "भरायची वाट उघडते का बघावं, मग रिकामं करावं. नाहीतर सगळं सांडून बसा बोंबलत." बाहेर येणारं तेल नव्यासारखं स्वच्छ असायचं.

काल मी तिथेच होते. मामा कोपरापर्यंत तेलाने माखून आले आणि ओरडा खायला दाराशी थांबले. मामीने वास घेतला. तिचा चेहरा उजळला. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"या ना मिस्त्री, बसा. हात राहू द्या तसेच. आमच्या ह्यांच्या अंगालाही हाच वास असतो. येतीलच इतक्यात."

त्या कपड्यांनिशी मामांना घरात बसायला पहिल्यांदाच मिळालं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बसतो," मामा म्हणाले. "त्यांना भेटूनच जातो."