मंडळसर आणि हाताच्या खुर्च्या

तक्रार आली की माणसाचा चेहरा पडतो. आमच्या सरांचा खुलायचा. जिन्यावर तावातावाने चढणाऱ्या चपलांचा आवाज ऐकू आला की ते टेबलामागून उठत, सफारीचा खिसा सारखा करत आणि दार उघडून स्वतःच म्हणत, "या, या. तुमचीच वाट बघत होतो." आलेला माणूस तिथेच अर्धा गार व्हायचा. उरलेला अर्धा सरांच्या पुढच्या वाक्याने व्हायचा. ते वाक्य ठरलेलं होतं. "तुमच्यासारखा स्पष्ट बोलणारा माणूस आमच्या सल्लागार मंडळावर हवाच."

आम्ही मुली त्यांना मंडळसर म्हणायचो. त्यांचं करिअर कॉलेज अंधेरी पूर्वेला एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर होतं. कॉलेज म्हणजे दोन खोल्या आणि बंद केलेली गॅलरी. एका खोलीत टायपिंग, दुसरीत शॉर्टहँड आणि गॅलरीत रिसेप्शनिस्टचा कोर्स. गॅलरीतल्या टेबलावर एक काळाभोर टेलिफोन होता. लाइनसाठी अर्ज केलेला होता, पण त्या काळात टेलिफोनची लाइन मिळेपर्यंत मुलीचं लग्न होऊन तिची मुलगी कोर्सला यायची. तेव्हा तो मुका फोन कानाला लावून आम्ही "गुड मॉर्निंग, मे आय हेल्प यू?" म्हणत असू आणि पलीकडून कोणी काही बोलायचं नाही. सर म्हणायचे, "समोरून उत्तर नाही आलं तरी आवाजातला गोडवा कमी होता कामा नये." हे त्यांच्या सगळ्या कारभाराचं सार होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सल्लागार मंडळात शिरण्यासाठी एकच पात्रता लागे, ती म्हणजे कॉलेजविरुद्ध तक्रार. सोसायटीचे सेक्रेटरी करंदीकर यांची तक्रार अशी, की टाइपरायटरच्या टकटकाटाने त्यांना रविवारी दुपारची झोप मिळत नाही. सरांनी त्यांना 'ध्वनिविषयक सल्लागार' नेमलं. टकटकाट होता तेवढाच राहिला, फक्त यंत्रांखाली एक जुनी सतरंजी आली. पण आता करंदीकरांची पंचाईत झाली. तक्रार करायची ती स्वतःकडेच! खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मुली जिन्यात खिदळतात. त्या 'शिस्तविषयक' झाल्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचे कप परत जात नसत, म्हणून तो 'उपाहारविषयक' झाला आणि त्या दिवसापासून मानाने आपले कप आपणच धुऊन नेऊ लागला. एक वेळ अशी आली की मंडळ वर्गापेक्षा मोठं झालं.

मंडळाच्या सभेचा थाट विचारू नका. आम्हाला बाकडी, पण सभासदांना हाताच्या खुर्च्या! दोन्ही बाजूंना हात टेकायला हात असलेल्या या खुर्च्या सरांनी कुठून तरी मिळवून आणल्या होत्या आणि एरवी त्यांवर बसायला कोणाला परवानगी नव्हती. छातीला रिबिनीचा बिल्ला, हातात गुलाबाचं फूल, बशीत पेढा आणि वेफर्स. सर सुरुवातीलाच म्हणत, "हे घरचं कार्य आहे, मोकळेपणाने बोला." सगळे मोकळेपणाने पेढा खात. मग मंडळ सरांचे आभार मानी, सर मंडळाचे आभार मानत, आणि सभा संपे. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, या मंडळाने आजवर एक तरी सल्ला दिलाय का?" सर जराही रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, तक्रार करणारा माणूस निदान जिना चढून आलेला असतो. जे येत नाहीत त्यांची काळजी कर." मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं.

माझे बाबा जिना चढून आले ते अशाच एका दुपारी. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला चकाल्याला. बाबा गिरणीत विणकर होते. गिरण्या बंद पडल्या आणि बाबा घरी बसले. घरात मी मोठी. माझा कोर्स होऊन कितीतरी महिने झाले तरी मी सवय मोडू नये म्हणून त्या मुक्या फोनवर गुड मॉर्निंग म्हणायला जात होते. रस्त्यावरच्या भिंतीवर मात्र सरांनी चुन्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'नोकरीची हमी'. बाबांनी दारातच तोंड उघडलं, "सर, भिंतीर लिवलास नोकरीची हमी. माझा चेडू घरात बसलेला आसा. हमी खंय गेली?"

मी, म्हणजे ते चेडू, बाकड्यावर बसल्या जागी डोळे मिटून घेतले. पुढे काय होणार ते पाठ होतं. सरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, गिरणीत काय काम होतं ते विचारलं, कान देऊन ऐकलं आणि त्यांना 'उद्योगविषयक सल्लागार' करून टाकलं. गिरणी गेलेल्या माणसाला उद्योगाचा सल्लागार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी आले तर बाबा पितळी तांब्यात निखारे घालून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. आई म्हणाली, "सभा आसा मा तेंची." गिरणी बंद पडल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून जावं अशी जागाच बाबांना उरली नव्हती. त्यानंतर एकही सभा बाबांनी चुकवली नाही.

आणि मग खरंच एक कंपनी आली. मरोळची, औषधं बनवणारी. त्यांना टायपिस्ट मुली हव्या होत्या आणि त्यांचे पर्सोनेल ऑफिसर मुली बघायला कॉलेजात येणार होते. दुसऱ्या कोणी गुपचूप मुलाखती उरकल्या असत्या. सरांनी अख्ख्या मंडळाला आमंत्रण दिलं. झालं! शिस्तविषयक बाईंनी आम्हाला साड्या नेसवल्या, केसांत गजरे माळले. उपाहारविषयकांनी चहा आणि कांदेपोहे आणले. ऑफिसर बिचारा तरुण, टाय लावलेला. त्याला मधे बसवून दोन्ही बाजूंना मंडळ बसलं. आम्ही एकेक जण आत जाऊन टाइप करून दाखवायचं, मुक्या फोनवर दोन वाक्यं बोलायची आणि खाली बघत बाहेर यायचं. करंदीकरांनी त्याला त्याचं मूळ गाव विचारलं. बाई पुटपुटल्या, "मुलगा बरा आहे." माझ्या मैत्रिणीने मला कोपर मारलं, "अगं, नोकरी आहे की स्थळ?"

पण त्या गोंधळातही माझं काम त्याला पसंत पडलं. "या मुलीला आम्ही घेऊ," तो म्हणाला. घरात पुन्हा नियमित पगार येणार होता. तेवढ्यात बाबा आपल्या खुर्चीवरून उठले. बिल्ला सरळ केला. "साहेब, रागाव नकात. माका एकच इचारूचा आसा. तुमची कंपनी बंद पडाची नाय मा? आमची गिरण बंद पडली तेव्हा आमका कोणी कायेक सांगूक नाय. म्हणान इचारतंय."

ऑफिसरचा चेहरा लाल झाला. "हे कोण?" तो सरांना म्हणाला. "मुलाखत मी घेतोय की हे?" मी मनात म्हटलं, वाट लागली. तरी मला सरांचा भरवसा होता. असल्या प्रसंगी त्यांचा हात कोणाचा ना कोणाचा खांदा शोधी, नाहीतर पेढ्यांची बशी. त्यांनी बशी उचललीसुद्धा. आता गोड काहीतरी बोलतील, बाबांना खाली बसवतील, आणि माझी नोकरी वाचेल. सरांनी बशीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली. म्हणाले, "हे आमचे उद्योगविषयक सल्लागार आहेत. सभासदाने प्रश्न विचारलाय. उत्तर द्यायला हवं, साहेब."

साहेब उठला. "कळवतो," म्हणाला आणि पोहे अर्धे टाकून निघून गेला. त्याने कधीच कळवलं नाही.

मी सरांशी भांडले. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना लोणी लावलं त्याला नेमकं माझ्याच वेळी कणा सापडावा! "सर, माझी नोकरी घालवलीत तुम्ही." इथे तरी ते मला 'नाराजीविषयक सल्लागार' करतील असं वाटलं होतं. सर म्हणाले, "हो, घालवली." मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "नाही पडणार, एवढं तरी म्हणायचं होतं गं त्याने. खोटं का होईना. मी किती लोकांना म्हणतो."

घरी बाबांनी बोलणंच टाकलं. आपण मुलीच्या ताटात माती कालवली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. मला राग त्यांचा नव्हता, पण तेही मला धड सांगता येईना. पुढच्या सभेचा निरोप आला तरी तांब्यात निखारे पडले नाहीत. पांढरा शर्ट खुंटीवर तसाच चुरगळलेला लोंबत राहिला. तो बघवत नसे.

त्या सभेला पेढा नव्हता. हे मला नंतर करंदीकरांनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. सर उभे राहून म्हणाले होते, "या मुलीची नोकरी मंडळामुळे गेली. मंडळाने ती परत आणायची." असा ठराव त्या मंडळाच्या इतिहासात पहिलाच. सगळे एकमेकांकडे बघू लागले. काम करायचं असतं हे कोणाला माहीतच नव्हतं! शेवटी करंदीकरच खाकरले. ते सांताक्रूझला विमानतळाजवळ, परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघत. तिथल्या टायपिस्टच्या चुकांबद्दल ते रोज मालकाकडे तक्रार करत आणि ती आता लग्न होऊन चालली होती. "मी शब्द टाकतो," ते म्हणाले. "पण मग मला घरीही टकटक आणि ऑफिसातही टकटक."

मालक जाडजूड, बनियनचा गळा शर्टातून डोकावणारा, सारखा पान चघळणारा माणूस. मी टाइप करून दाखवलं. तो म्हणाला, "झकास. सोमवारपासून ये." मी उठले आणि पुन्हा बसले. विचारल्याशिवाय घरी जाणं शक्यच नव्हतं. म्हटलं, "साहेब, माझ्या वडिलांचा एक प्रश्न आहे. कंपनी बंद तर नाही ना पडणार?" करंदीकरांनी कपाळावर हात मारून घेतला. मालकाने खिडकीबाहेर बघितलं. एक विमान घरघरत वर चाललं होतं. ते जाईपर्यंत तो थांबला. "खरं सांगू का, बाई? मला पण माहीत नाय. ही उडतायत तोवर चालेल. बंद पडायची वेळ आली ना, तर आधी तुला सांगेन. बस?"

मी घरी जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "माका पन म्हायत नाय, असा बोललो?" त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, हो. "मानूस खरो दिसता," बाबा म्हणाले आणि उठून आईकडे निखारे मागितले.

पुढे कॉलेजात कॉम्प्युटर आला. म्हणजे आधी भिंतीवर आला आणि बऱ्याच दिवसांनी खोलीत. मंडळाने चपला बाहेर काढून, लांबूनच त्याचं दर्शन घेतलं. सरांचं बाकी सगळं होतं तसंच होतं. भिंतीवरची हमी ते दर दिवाळीला नव्याने रंगवून घेत. एका दुपारी माणूस सुधारतो असं मला काही वाटत नाही. बाबा मात्र सभेहून आले की दोन दिवस खुशीत असायचे. एकदा त्यांनी टायपिंगच्या खोलीत उजेड कमी पडतो असं सुचवलं आणि सरांनी चक्क एक ट्यूबलाइट बसवली. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा ती दाखवत.

बाबा गेले तेव्हा सर चकाल्याला आले. आमच्या नातेवाइकांना बाबा म्हणजे गिरणी गेलेला माणूस, एवढंच ठाऊक. सर प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होते, "आमचे उद्योगविषयक सल्लागार होते." त्यात त्यांच्या नेहमीच्या गोडव्याचा थेंब नव्हता. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा.

महिन्याभराने करंदीकर ऑफिसात माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "काल सभा झाली," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांची खुर्ची सरांनी मांडून ठेवली होती. रिकामी. एक नवा पालक सबंध वेळ भिंतीला टेकून उभा. शेवटी तो चिडला. चांगलाच बोलला हो सरांना, सगळ्यांदेखत."

"मग? घेतलं असेल त्याला मंडळावर."

"नाही ना," करंदीकर म्हणाले. "सर म्हणाले, माफ करा, जागा नाही."