चाकावरची दोन बोटं

स्प्रिंग गॅसने कापून गाडी खाली बसवणाऱ्या लोकांची मला किळस येते. वीस-एक वर्षं झाली, तरी येते. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या पहिल्या गॅरेजवाल्याने आम्हाला तेच सुचवलं होतं. तोंडातला तोबरा भिंतीच्या कोपऱ्यात थुंकून तो म्हणाला, "अक्का, अर्ध्या तासात वेढे उडवतो. कशाला उगाच भारी सामान?" थोडी थुंकी त्याच्याच पान्यांवर उडाली होती. मी भावाला म्हटलं, "चल."

भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. गोकुळ रोडलाच त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. बेंगळुरूहून त्याने एक जुनी दोन-दारी स्पोर्ट्स कार आणली होती आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी घाटातल्या चढाईच्या शर्यतीत तो ती पळवणार होता. आईचा जीव टांगणीला. तिने अट घातली, "अक्काने गाडी बघून बरी आहे म्हटलं तर जा. नाहीतर नाही." मी धारवाडला पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवत होते, म्हणून हे माझ्या गळ्यात आलं. माझी हरकत नव्हती. कामं नीट लावून करायला मला आवडतं.

स्प्रिंग कापण्याऐवजी आम्ही कॉइलओव्हर बसवायचं ठरवलं. कॉइलओव्हर म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग, असा एकच नग. त्याच्या अंगावर आटे असतात. आट्यांवरची कडी फिरवली की गाडी वर किंवा खाली जाते. दुकानात तीन सेट आमच्यासमोर होते. भावाला आवडला तो लालभडक आणि दगडासारखा ताठ. मी तो बाजूला ठेवला. खनिजाच्या लॉऱ्यांनी तेव्हा आमचे रस्ते पार उखडून टाकले होते, आणि घाटातला रस्ता काही वेगळा नव्हता. ताठ स्प्रिंगवर चाक खड्ड्यातून उसळतं, आणि हवेतलं चाक वळण धरत नाही. मी मऊ, जास्त हालचालीचा सेट घेतला.

मग उंची. भाऊ आणि त्याचे मित्र ती बोटांनी मोजत. टायर आणि वरच्या पत्र्याच्या मधे जितकी कमी बोटं जातात, तितकी गाडीची इज्जत जास्त. मी टेप लावून मोजली. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या, वेळी भावाला सीटवर बसवलं, कारण शर्यतीत गाडीत त्याचंच वजन असणार. पुढच्या चाकांचा माथा वळणासाठी किंचित आत कलता, तोंडं सरळ. त्याला दोनदा बजावलं, "उंची बदललीस तर ही अलाइनमेंट गेली. सगळं पहिल्यापासून." त्याने मान डोलावली. आईला मी सांगितलं, "बरी आहे."

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा झाली. मी गेले नाही, घरी पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी तीन मित्रांना गाडीत कोंबून भाऊ हुबळी-धारवाडभर बन्नी द्यायला फिरला. शमीची पानं सोनं म्हणून वाटायची, त्यासाठी. दिवेलागणीला तो केशवापूरला घरी आला. गाडीच्या आधी तिचा घासण्याचा आवाज आला.

गाडीचं पोट रस्त्याला टेकायला आलं होतं. पुढच्या पत्र्याला शेण आणि पूजेनंतर रस्त्यात फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवात भिजलेला गर चिकटलेला. चाकं वरून आत, खालून बाहेर, फाकून बसल्यासारखी. एका मित्राने जर्द्याने पिवळी झालेली दोन बोटं चाकावर खुपसून दाखवली.

"नोडक्का! बघा, दोनच बोटं! तिसरं जातच नाही!"

"चाक तरी फिरतंय का?" मी विचारलं.

मी वाकून टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला. हाताला रबराचा चुरा लागला, आणि जळका वास. एका टायरला पत्र्याने इतकं कापलं होतं की आतलं कापड दिसत होतं.

"पूजेला जरा खाली केली," भाऊ म्हणाला. "फोटो बघशील तर! शर्यतीआधी वर घेतो की."

"आणि टायर?"

"चालतंय. अलाइनमेंट तूच करून दिलीस नं?"

"ती त्या उंचीची होती. नवे टायर रविवारपर्यंत येतील?"

सणामुळे दुकानं बंद होती, हे त्यालाही माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "आईला बोलू नकोस, अक्का. एकदाच."

तेवढ्यात आई दारात आली. "बघितलीस का गं गाडी?"

"बघितली. त्याला पाठवू नकोस."

मित्रांपैकी कुणीतरी पुटपुटलं, "मास्तरीण बाईंनी नापास केलं." हसलं मात्र कुणी नाही. भावाने आईच्या पाया पडून तिला बन्नी दिली आणि माझ्या समोरून सरळ आत गेला. दर दसऱ्याला आईनंतर माझी पाळी असे.

तो पिवळ्या बोटांचा मित्र बिचारा सावरायला पुढे झाला. त्याच दोन बोटांच्या चिमटीत शमीचं पान धरून म्हणाला, "घ्या अक्का, सोनं."

"हात धुऊन या," मी म्हटलं.

तो हात धुऊन आला, तेव्हा मी पान घेतलं. रविवारी गाडी दारातच उभी होती. भाऊ दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.